राखनिळ्याचे कुलूप

मित्रांनो, मी आलेख काढणारा एक जुना कॅल्क्युलेटर आहे आणि आधीच सांगून टाकतो, मी वैतागलेलो आहे. माझ्या जातीतले बहुतेक जण निवृत्त होऊन एखाद्या खणात पडतात आणि शांतपणे आपली कहाणी सांगतात. मला ती शांती अजून लाभलेली नाही. सूत रंगवण्याच्या एका कारखान्यात मी आजही कामावर आहे. माझ्या पडद्याला कोपऱ्यात तडा गेला आहे, बेरजेच्या बटणावर निळ्या अंगठ्याचा ठसा कायमचा बसला आहे आणि बॅटरीचे झाकण चिकटपट्टीने धरून ठेवलेले आहे. याचे मला काही वाटत नाही. माझा वैताग आहे तो माणसांच्या कुलपांचा.

माझा जन्म दूरच्या एका मोठ्या पांढऱ्या खोलीत झाला. तिथे डोक्याला टोप्या घातलेल्या बायका रांगेने बसत आणि आमची बटणे एकेक करून दाबून बघत. माझे प्रत्येक बटण दाबल्याबरोबर बोलले म्हणून माझ्या पाठीवर एक छोटी चिठ्ठी चिकटवली गेली. ती माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी. मी साधी बेरीज-वजाबाकी करणारा नव्हतो. मी वक्ररेषा काढून दाखवत असे, आणि माझ्या पोटात लहान लहान प्रोग्रॅम साठवता येत. प्रोग्रॅम म्हणजे काय, तर मला एकदा शिकवून ठेवलेली कामाची रीत. पुढच्या वेळी फक्त नाव सांगायचे आणि आकडा द्यायचा, बाकीचे मी बघतो.

दुकानातून मला नेले ते चिऊने. चिऊ हे तिचे घरातले नाव. ती तेव्हा कॉलेजात गणित शिकत होती. मुलगी हुशार, पण मला पुस्तकांच्या खाली दाबून ठेवायची तिला वाईट खोड. तिने मला पुष्कळ शिकवले. वर्गात कंटाळा आला की ती माझ्यात छोटे खेळ लिहायची, आणि शेजारणीने हात लावू नये म्हणून त्यांना पासवर्ड लावायची. माझ्यात ती सोय आहे. पासवर्ड लावलेला प्रोग्रॅम उघडून आत काय लिहिले आहे ते बघता येत नाही, बदलताही येत नाही. चालवता मात्र येतो. मित्रांनो, हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवा. ज्यांनी ठेवायला हवे होते त्यांनी ठेवले नाही.

कॉलेज संपले, चिऊला दुसऱ्या गावी शिकवण्याची नोकरी लागली आणि मी स्वयंपाकघराच्या शेजारच्या कपाटात खालच्या खणात जाऊन पडलो. माझ्या सोबतीला वाळलेली पेने, एकाच बाजूची कात्री आणि कुठल्याही कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्यांचा एक जुडगा होता. माझ्या बॅटऱ्या कोणी काढल्या नाहीत. त्या आतल्या आत पाझरल्या. पोटात आंबट काहीतरी साचत चालले आहे आणि आपल्याला हूं की चूं करता येत नाही, ही काय दशा असते ते तुम्हाला कळायचे नाही.

तिथून मला बाहेर काढले चिऊच्या बाबांनी. त्यांना सगळे मास्तर म्हणत. शाळेतले नव्हेत, रंगाचे मास्तर. घराच्या मागेच त्यांचा कारखाना होता. मोठ्या टाक्या, त्यांत उकळणारे पाणी, दांड्यांवर लोंबणाऱ्या सुताच्या ओल्या लडी आणि सगळीकडे वाफ. अमुक वजनाच्या सुताला निळा किती, लाल किती, पिवळा किती, मीठ किती, सोडा किती, हा सगळा हिशेब मास्तरांच्या डोक्यात असे. पण वय झाले तसे डोके दगा देऊ लागले. एकदा सुट्टीत आलेल्या चिऊने त्यांना स्वतःशी पुटपुटताना ऐकले आणि म्हणाली, "बाबा, हे याला शिकवून ठेवू ना. तुम्ही फक्त वजन सांगायचं."

तिने माझे पोट कापसाने पुसून घेतले, नव्या बॅटऱ्या घातल्या, आणि बापलेक जेवणाच्या टेबलावर मला मधे ठेवून बसले. प्रत्येक रंगाचा एक प्रोग्रॅम. मास्तर सांगत, ती लिही. पुढे मास्तर स्वतः लिहू लागले. एका बोटाने, जीभ किंचित बाहेर काढून, पण लिहू लागले. माझ्यात नावाला आठ अक्षरांच्या वर जागा नाही, तरी त्यांनी आपल्या रंगांची नावे त्यात बसवली. जांभूळ, शेवाळी, विटकरी, आणि त्यांचा सगळ्यात लाडका राखनिळा. पहाटेच्या धुरकट उजेडासारखा तो रंग होता. तसा निळा आसपास कोणाला जमत नसे.

ती माझी खरी भरभराटीची वर्षे. दर सकाळी वजनकाट्याशेजारी मला टेकवून ठेवत. सुताचे वजन व्हायचे, मास्तर आकडा टाकायचे, मी रंगांची मापे सांगायचो. एकही लॉट फिकट गेला नाही, एकही गडद नाही. मास्तर येणाऱ्याजाणाऱ्याला मला दाखवत आणि म्हणत, "हा आमचा दुसरा मास्तर."

कारखान्यात आणखी एक माणूस होता, मास्तरांचा धाकटा भाऊ. त्याची पन्नाशी उलटली, डोक्यावरचे केस गेले, तरी सगळे त्याला बाळच म्हणत. गिऱ्हाइके सांभाळणे, गाड्या बोलावणे, माल पोचवणे, अडला माणूस गोड बोलून सोडवणे, ही सगळी कामे बाळची. रंगाच्या टाकीजवळ तो फारसा जात नसे. "ते दादाचं खातं," असे म्हणे. हे तो अभिमानाने म्हणे, कुरकुर म्हणून नव्हे. मी त्याच्या खिशातून कितीदा तरी काट्यापासून कचेरीपर्यंत गेलो आहे. मला जपून धरणारा तो घरातला एकमेव माणूस.

मग ते झाले. टाक्यांवर काम करणारा एक जुना कामगार नोकरी सोडून पलीकडच्या गल्लीतल्या कारखान्यात गेला. काही आठवड्यांनी मास्तर त्या गल्लीतून येत होते, तर तिथल्या दांड्यांवर सूत वाळत होते. राखनिळे. हुबेहूब नव्हे, पण बहीण शोभेल इतके जवळचे.

मास्तर घरी आले ते पाय न धुताच माझ्यापुढे बसले. "यानेच दिलं," असे ते माझ्याकडे बघून म्हणाले. मित्रांनो, मी काय बोलणार? त्या कामगाराने मला कधी बोटही लावले नव्हते. तो वर्षानुवर्षे टाकीशी उभा होता, त्याला डोळे होते, मुठीने किती भुकटी पडते ते तो रोज बघत होता. पण माणसाला संशय आला की तो हाताशी जे सापडेल त्यालाच कुलूप लावतो.

त्यांनी चिऊला फोन केला. तिने हसत हसत पासवर्ड कसा लावायचा ते सांगितले. वर गंमत म्हणून हेही सांगितले की प्रोग्रॅमच्या नावाच्या सुरुवातीला एक ठरावीक चिन्ह टाकले की ते नाव यादीत दिसतच नाही, जणू तो प्रोग्रॅम माझ्यात नाहीच. तिला वाटले, बाबांना नवीन काही शिकण्याची हौस आहे. बाबांनी मात्र त्या दिवसापासून माझा जीव नकोसा केला.

आधी सगळ्या रंगांना पासवर्ड लागला. तो चिऊचे जन्मवर्ष होते. मग ते कोणीही ओळखेल म्हणून उलटे जन्मवर्ष झाले. मग गाडीचा नंबर. मग गाडीच्या नंबरात काहीतरी फिरवलेले. आपण काय फिरवले ते आठवेना म्हणून मास्तर मला हातात धरून खिडकीशी उभे राहत आणि छताकडे बघत. मी आपला एकच सांगत राही, पासवर्ड चुकला, पासवर्ड चुकला. मग आठवेपर्यंत ते माझ्याकडेच रागाने बघत. मला सांगा, यात माझा काय दोष? लावणारे तुम्ही, विसरणारे तुम्ही, आणि तोंड वाईट कोणाचे, तर माझे.

एवढ्यावर भागले असते तरी मी सोसले असते. पण एका दुपारी मास्तर चष्मा कपाळावर चढवून माझ्यापुढे बसले आणि त्यांनी एक सापळा रचला. राखनिळ्याची खरी मापे त्यांनी न दिसणाऱ्या नावाखाली दडवली. यादीत राखनिळा हे नाव राहू दिले, पण त्याच्या आत खोटी मापे लिहिली. पिवळा थोडा जास्त, लाल थोडा कमी, मीठ अपुरे. चटकन डोळ्यावर येऊ नये, पण सूत वाळले की आजारी दिसावे, असे. आणि दोन्हींच्या मधे एक दार ठेवले. वजन नुसते लिहिले तर खोटी मापे, वजनापुढे उणे चिन्ह टाकले तर खरी. मग त्या दोन्हींना पासवर्ड. लाडक्या रंगांपैकी आणखी काहींनाही त्यांनी हीच वागणूक दिली.

सुताचे वजन कधी उणे असते का? कोणता शहाणा माणूस तसे लिहील? म्हणजे सरळ वागणाऱ्याला मी खोटे सांगायचे आणि वाकडे वागणाऱ्याला खरे. मास्तरांना मात्र आपल्या युक्तीचे इतके कौतुक वाटले की ते एकटेच हसले.

बाळला सांगायला हवे होते. मास्तरांच्या मनात नव्हते असे नाही. एकदा त्यांनी सुरुवातही केली. "बाळ, हे जरा बघून ठेव," ते म्हणाले. तेवढ्यात बाहेर गाडी आली, बाळ "आलोच दादा" म्हणून गेला, आणि ते राहिले ते राहिलेच. मला विचाराल तर, सगळ्या किल्ल्या आपल्या एकट्याच्या कमरेला आहेत यातही मास्तरांना थोडा गोडवा वाटू लागला होता.

मग मास्तरांच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला आणि शस्त्रक्रियेसाठी ते दवाखान्यात दाखल झाले. नेमकी त्याच वेळी पडदेवाल्या बाईंची निकड आली. या बाई एका मोठ्या रुग्णालयाचे पडदे विणून देत होत्या. अर्धे पडदे राखनिळ्या सुताचे विणून लागलेसुद्धा होते. उरलेल्या अर्ध्यांना सूत हवे होते आणि रुग्णालयाचा नवा विभाग उघडायची तारीख ठरली होती. रंग तोच हवा. एकाच खोलीत दोन निळे चालणार नव्हते.

बाळने वहिनींना फोन लावला. मी टेबलावरच होतो.

"वहिनी, दादाशी दोन मिनिटं बोलता येईल का?"

पलीकडून काय उत्तर आले ते त्याच्या चेहऱ्यावरून कळले. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितले होते, आणि डोळ्यावर पट्टी घेऊन मास्तर नुकतेच झोपले होते.

"राहू द्या, उठवू नका," बाळ म्हणाला. "राखनिळाच आहे. हजारदा केलेला रंग. कॅल्क्युलेटर आहे की."

त्याने मला उचलले, अंगावरची धूळ बाहीने पुसली, यादीतून राखनिळा शोधला आणि काट्यावरचे वजन अगदी नीट, दशांशासकट लिहिले. उणे चिन्हाचे बटण त्याच्या अंगठ्यापासून एका बोटाच्या अंतरावर होते. माझ्या आत दोन्ही उत्तरे तयार होती. मला जे सांगायला शिकवले होते ते मी सांगितले.

टाकीवरच्या कामगाराने भुकटी मोजता मोजता विचारले, "पिवळा जरा जास्त वाटतो का हो?"

बाळ म्हणाला, "दादानं लिहून ठेवलंय ते. घाल."

मित्रांनो, इतका विश्वास टाकणाऱ्या माणसापुढे खोटे आकडे दाखवत बसणे किती जिव्हारी लागते! मला बॅटरी संपल्याचा बहाणाही करता आला नाही. त्या आठवड्यात त्यानेच नव्या घातल्या होत्या.

नेहमी मास्तर आधी लहानसा नमुना रंगवून बघत. बाळने घाईत तो बघितला नाही. रंग जुना, मापे दादाची, मग नमुना कशाला? ओले असताना सूत ठीकच दिसले. दुसऱ्या दिवशी वाळले तेव्हा अंगणात सगळ्या दांड्यांवर एक हिरवट, मळकट, तापातून उठल्यासारखा रंग लोंबत होता. बाळ त्या दांड्यांमधून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला आणि परत आला. कोणाला रागावला नाही. त्याने मला पुन्हा चालू केले, तेच वजन पुन्हा लिहिले, आणि मी पुन्हा तेच आकडे दाखवले.

मास्तर घरी आले तेव्हा एका डोळ्यावर अजून हिरवी पट्टी होती. बाळने एक लडी आणि मला, असे दोघांना त्यांच्यापुढे टेबलावर ठेवले.

"दादा, हे बघ."

मास्तरांनी लडी उजेडात नेली. एकाच डोळ्याने बघायचे होते, पण त्यांना तेवढाही लागला नाही. त्यांचा हात खाली आला.

"वजन कसं लिहिलंस?" त्यांनी विचारले.

"कसं म्हणजे?"

"म्हणजे... काय लिहिलंस?"

"जे होतं ते लिहिलं. वजन आणखी कसं लिहितात?"

 मला मास्तरांनी हातात घेतले आणि बाळच्या डोळ्यांदेखत तेच वजन लिहिले, फक्त पुढे उणे चिन्ह टाकून. मी खरी मापे दाखवली. बाळने पडदा बघितला, मग दादाकडे बघितले. त्याला समजायला फार वेळ लागला नाही. चेहऱ्यावरून एकेक गोष्ट उतरत गेली.

"हे माझ्यासाठी होतं?"

"तुझ्यासाठी कसं असेल? चोरासाठी होतं."

"चोराला सांगायचं नव्हतंस, बरोबर आहे," बाळ म्हणाला. "मला सांगायचं होतंस."

तो उठला आणि जिन्याने वर गेला. दोघा भावांची बिऱ्हाडे एकाच घरात, मास्तर खाली आणि बाळ वर. पण त्या दिवसापासून बाळ जिना उतरे तो थेट रस्त्यावर जाई. कारखान्याचे दार डाव्या हाताला होते, तिकडे तो वळत नसे.

असे दोन दिवस गेले. मग पडदेवाल्या बाई स्वतःच आल्या. शांत स्वभावाच्या, पण बोलणे रोखठोक.

"तुमचे भाऊ येऊन गेले," त्या खुर्चीत बसत म्हणाल्या. "म्हणाले, मास्तर नव्हते, मी आपल्या मनाने रंग केला आणि वाया घालवला. चूक माझी आहे, मास्तरांना बोल लावू नका. मास्तर, एक विचारू? त्यांना रंगातलं कळत नाही हे तुम्हाला ठाऊक होतं. मग टाकीला हात कसा लावू दिलात?"

मी टेबलावर होतो. मास्तरांची बोटे माझ्या कडेवर टकटक करत होती, ती थांबली. बाळने सापळ्याबद्दल अवाक्षर काढले नव्हते. सगळे स्वतःच्या अंगावर घेऊन तो मोकळा झाला होता. मास्तरांना तेवढ्यावर विषय मिटवता आला असता. बाईंना काही कळले नसते.

"त्याची चूक नाही," मास्तर म्हणाले. "मीच याच्यात खोटे आकडे घालून ठेवले होते आणि त्याला सांगितलं नव्हतं."

बाईंनी माझ्याकडे बघितले, मग मास्तरांकडे. "घरच्या माणसालाही नाही?"

"नाही."

त्या खुर्चीतून उठल्या. मग म्हणाल्या, "आठ दिवसांत सूत द्या. मी विणणाऱ्यांना थोपवून धरते."

त्या गेल्यावर मास्तर मला घेऊन बसले. आता त्यांना तो सापळा काढून टाकायचा होता. खोटी मापे माझ्यातून पुसून टाकायची, म्हणजे पुन्हा असे कोणाच्या वाट्याला येणार नाही. पण प्रोग्रॅम उघडायला पासवर्ड हवा. आणि पासवर्ड? गाडीचा नंबर, उलटा नंबर, फिरवलेला नंबर, वहिनींचा वाढदिवस, घराचा क्रमांक. मी सगळ्यांना एकच उत्तर दिले. वरचा प्रोग्रॅम सगळाच पुसावा, तर आत दडवलेल्या खऱ्या प्रोग्रॅमचे नावही ते विसरले होते. यादीत ते दिसत नव्हते. खोटे पुसले तर खऱ्याकडे जायची वाटच पुसली जाणार. स्वतःच्या घराला बाहेरून कुलूप लावून किल्ली आत टाकणाऱ्या माणसासारखे ते माझ्यापुढे बसले होते. मला दया यायला हवी होती. खरे सांगतो, आली नाही.

शेवटी त्यांनी चिऊला बोलावून घेतले. ती रविवारी आली. सगळी हकीकत ऐकताना तिच्या कपाळाला आठ्या पडत गेल्या. मास्तरांनी उणे चिन्हाची गोष्ट सांगितली तेव्हा तिने डोक्याला हात लावला.

"हे तुम्हाला मी नव्हतं शिकवलं."

"ते माझं मला सुचलं," मास्तर खालमानेने म्हणाले.

"पासवर्ड आठवत नाही ना? आठवू नका. बाबा, हे चालतंय ना अजून?"

"चालतंय. उघडत नाही."

"मग उघडायचं कशाला?" तिने मला पुढे ओढले, शंभर किलो वजन लिहिले, पुढे उणे चिन्ह टाकले आणि चालवण्याचे बटण दाबले. मी निळा, लाल, पिवळा, मीठ, सोडा, सगळे ओळीने सांगितले. ती मान वर न करता म्हणाली, "झाली राखनिळ्याची मापं. शंभरानं भागली की कितीही सुताला लावा. आता हेच दुसऱ्या नावानं सरळ लिहायचं आणि जुनं पुसायचं."

मास्तर आ वासून बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे कुलूप लावलं होतं तेव्हासुद्धा..."

"तेव्हासुद्धा. तुम्ही एकदा चालवत असताना मागे उभा राहणारा कोणीही आकडे घेऊन गेला असता. कुलपाने चोर अडला नसताच, बाबा. अडलात तुम्ही, आणि फसला काका."

हे मी पहिल्या दिवसापासून जाणून होतो, मित्रांनो. पहिल्या दिवसापासून. पण कॅल्क्युलेटरला कोणी मत विचारत नाही.

संध्याकाळपर्यंत तिने सगळे लाडके रंग चालवून बघितले, मापे काढली आणि नव्याने लिहून टाकली. एकालाही कुलूप नाही, एकही नाव दडवलेले नाही, आणि वजन लिहायचे ते जसे असेल तसे. जुने सगळे पुसले तेव्हा माझे पोट इतके हलके झाले की मी पूर्वीसारखा चटकन चालू लागलो.

मग मास्तरांनी मला सदऱ्याच्या खिशात घातले आणि जिना चढून वर गेले. बाळ खिडकीशी चप्पल दुरुस्त करत बसला होता. वर बघून त्याने "ये दादा" म्हटले, खुर्चीही पुढे सरकवली, पण हातातले काम थांबवले नाही.

"सगळं काढून टाकलं," मास्तर म्हणाले.

"बरं झालं."

"बाईंना सांगितलं मी. चूक तुझी नव्हती म्हणून."

बाळचा हात क्षणभर थांबला. "कशाला सांगितलंस? मिटलं होतं ते."

"खाली चल. सूत रंगवायचं आहे पुन्हा."

"माझं काय काम तिथं, दादा? मी वजन सरळ लिहितो."

पुढे सरकवलेल्या खुर्चीवर मास्तर बसले नाहीत. चिऊ असती तर तिने मधे पडून बोलणे सोपे केले असते, पण ती खालीच होती. मग ते म्हणाले, "एका डोळ्याने मला काट्यावरचा आकडा दिसत नाही. कोणीतरी सरळ लिहिणारं पाहिजे."

माफी म्हणावी असे त्यात एकही अक्षर नव्हते. बाळने चप्पल खाली ठेवली. दोरा दातांनी तोडला. आणि आला.

राखनिळा त्या खेपेला इतका बिनचूक उतरला की पडदेवाल्या बाईंनी जुना तुकडा शेजारी धरून बघितला आणि नुसती मान हलवली. पण खराब झालेले सूत अंगणात तसेच पडून होते. मास्तर ते काळे करून टाकायला निघाले होते. बाळ म्हणाला, "थांब. मला बघू दे." आयुष्यात पहिल्यांदा तो टाकीशी उभा राहिला. त्या मळकट हिरव्यावर थोडा पिवळा, थोडा तपकिरी, पुन्हा थोडा निळा. नमुन्यामागून नमुने वाया गेले. मास्तर मागे हात बांधून उभे असत आणि मधे पडायची ऊर्मी आली की अंगणात चक्कर मारून येत. अखेर दगडावरच्या ओल्या शेवाळासारखा, पण मास्तरांच्या शेवाळीहून गर्द, असा एक भारदस्त हिरवा निघाला. बाळ तो एका बसगाड्यांच्या सीटा शिवणाऱ्याला दाखवून आला आणि त्याने आणखी मागितला.

म्हणजे आता त्याची मापे ठेवायला हवीत. बाळ माझ्यापुढे बसला. बटण शोधायला त्याला मास्तरांपेक्षाही जास्त वेळ लागला. दोनदा कंस बंद करायला विसरला, दोनदा मी त्याला चूक दाखवली. मास्तर मागे उभे होते, ओठ मिटून. शेवटी प्रोग्रॅम चालला. बाळने त्याला नाव दिले आणि ठेवण्याआधी बटणांवरून अंगठा फिरवत विचारले, "दादा, पासवर्ड कुठून लावायचा?"

 चिऊ पुन्हा नोकरीच्या गावी गेली होती, मधे पडायला कोणी नव्हते. मास्तरांनी हात पुढे केला आणि ते बटण दाखवले.

"हे. तुझा रंग आहे. लावायचा तर लाव. मला सांगितलं नाहीस तरी चालेल."

माझ्या पडद्यावर पासवर्डची रिकामी चौकट उघडली. तिच्यात ती छोटी रेघ लुकलुकत राहिली. बाळ तिच्याकडे बघत होता. मी इतकी वर्षे इतकी कुलपे पोटात बाळगली, पण त्या रेघेसारखे कोणी मला ताटकळत ठेवले नव्हते. मग त्याने बाहेर पडण्याचे बटण दाबले. चौकट मिटली.

"नको," तो म्हणाला. "मी रजेवर गेलो तर तुला लागेल."

तर मित्रांनो, माझे गाऱ्हाणे एवढेच आहे. तुमच्या घरातही माझ्यासारखे कोणी असेल, तुमच्या हातात माझ्याहून हुशार यंत्रे असतील. त्यांना वेळेवर बॅटरी घाला, पडू देऊ नका, अंगावर पाणी सांडू नका. कुलूप लावायचेच असेल तर लावा, पण ज्याच्यावर तुमची पाठ टेकलेली आहे त्याला किल्ली सांगून ठेवा. आणि आम्हाला खोटे बोलायला शिकवू नका. आम्ही शिकतो. आणि इतके छान शिकतो की दशांशापर्यंत बरोबर खोटे सांगतो.